टेस्टिंगमधून प्रॉडक्ट मॅनेजमेंटकडे: आधी निर्णय लिहायला शिका

प्रश्न: नमस्कार. मी चार वर्षांपासून ऑनलाइन ऑर्डरच्या एका ॲपची टेस्टर आहे. मला प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे ॲपमध्ये काय बनवायचं ते ठरवणारी, व्हायचंय. दोन ऑनलाइन कोर्स केले, प्रमाणपत्रं मिळाली, तरी मुलाखतीत बाद होते. शेवटच्या मुलाखतीत विचारलं, "तुमच्या ॲपमध्ये एकच गोष्ट बदलायची असेल तर कोणती?" मी म्हटलं, डार्क मोड आणीन. त्यावर त्यांनी विचारलं: कोणासाठी? कशावरून? आणि उपयोग झाला हे कसं कळणार? मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. आता मी एसक्यूएल (डेटाबेसमधून आकडे काढायची भाषा) शिकू की डिझाइन? एमबीए करावं लागेल का? आमच्या कंपनीतले प्रॉडक्ट मॅनेजर मदत करणारे आहेत, पण त्यांच्याकडे जाऊन नक्की काय मागायचं तेच कळत नाही.

उत्तर: मुलाखत घेणाऱ्यांनी तुमच्या पुढच्या सहा महिन्यांचा अभ्यासक्रमच तुमच्या हातात दिला आहे. कोणासाठी, कशावरून आणि कसं कळणार, या तीन प्रश्नांवरच हे काम उभं असतं. डार्क मोड हे उत्तर त्याच्या पाठीशी काहीच नव्हतं म्हणून पडलं. ही उणीव कोर्सनं भरून निघत नाही, कारण कोर्समध्ये प्रश्न ठरलेला असतो आणि आकडे आयते मिळतात. कामावर मात्र मुळात कोणता प्रश्न हातात घ्यायचा, इथपासूनच सुरुवात होते.

तुमच्याकडे जे आहे ते कमी लेखू नका. ॲप कुठल्या फोनवर मोडतं, कुठल्या क्रमाने दाबलं की मोडतं, हे तुम्हाला नव्या प्रॉडक्ट मॅनेजरपेक्षा कितीतरी जास्त ठाऊक आहे. सिव्हिअरिटी (दोष किती गंभीर) आणि प्रायॉरिटी (तो किती लवकर दुरुस्त करायचा) यांतला फरक तुम्ही रोज हाताळता. एखादा क्रॅश गंभीर असूनही मागे ठेवता येतो, कारण तो क्वचितच कोणाला येतो. पैसे भरण्याच्या स्क्रीनवरचं एक चुकीचं अक्षर किरकोळ असूनही आजच दुरुस्त करावं लागतं. कोणतं काम आधी घ्यायचं याचे प्रॉडक्टमधले वाद याच जातीचे असतात.

एक सवय मात्र मोडावी लागेल. काहीही निसटू द्यायचं नाही, हा टेस्टरचा धर्म. प्रॉडक्ट मॅनेजरला काय निसटू द्यायचं ते ठरवावं लागतं, आणि ते सगळ्यांसमोर सांगावंही लागतं. वीस एज केसपैकी (क्वचित घडणाऱ्या टोकाच्या शक्यतांपैकी) चौदा या रिलीजमध्ये, म्हणजे ॲपच्या या नव्या आवृत्तीत, सोडायच्या आणि उरलेल्या सहाच का घेतल्या ते लिहायचं. टेस्टिंगमधून येणारे इथेच अडखळतात. त्यांच्या पहिल्या कागदांत सगळ्या शक्यता असतात, पण निर्णय शोधावा लागतो.

दर रिलीजवर अंदाज बांधा

आजच एक स्प्रेडशीट उघडा आणि तिला निर्णयवही म्हणा. प्रत्येक रिलीज तुमच्या हाताखालून जाते, ही सोय बाहेरून शिकणाऱ्या कोणालाही नाही. त्यातलं एक फीचर निवडा आणि ते लोकांपर्यंत पोचायच्या आधी लिहून ठेवा: हे कोणाचा कोणता त्रास कमी करणार आहे, त्याऐवजी दुसरं काय करता आलं असतं, कोणता आकडा हलेल आणि किती, तुम्हाला खात्री किती टक्के आहे, आणि काय दिसलं तर अंदाज चुकला असं तुम्ही मान्य कराल. तारीख टाका. चार आठवड्यांनी खरा आकडा शेजारी लिहा.

"वापर वाढेल" ही नोंद चालणार नाही. "नव्या ग्राहकांपैकी महिन्याभरात दुसरी ऑर्डर देणारे २२ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर जातील, खात्री ६० टक्के" ही चालेल, कारण ती खोटी ठरू शकते. पंधरा-वीस नोंदी झाल्या की ज्यांच्यापुढे ८० टक्के खात्री लिहिली होती त्यांतल्या किती खऱ्या ठरल्या ते मोजा. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येकाची खात्री वाजवीपेक्षा जास्त असते, आणि ती कुठल्या प्रकारच्या फीचरबाबत जास्त असते हे वहीतच दिसतं. काहींना नव्या स्क्रीनबद्दल भलती आशा असते, तर काहींना नोटिफिकेशनबद्दल. वही मागाहून भरू नका. आकडा कळल्यावर आठवून लिहिलेला अंदाज नेहमी बरोबरच निघतो.

हे निर्णय तुमचे नसून तुमच्या प्रॉडक्ट मॅनेजरचे आहेत, यानं काही बिघडत नाही. दुसऱ्याच्या निर्णयावर अंदाज बांधून तो तपासणं हा या कामातला सर्वांत स्वस्त सराव आहे. तुम्ही विचारलेल्या प्रत्येक कौशल्याची गरज याच वहीतून पुढे येईल. आकडा भरायचा तर तो काढता यायला हवा, आणि त्रास कोणाचा हे लिहायचं तर त्या माणसाशी बोलायला हवं.

आकडे काढता येणं

एसक्यूएल की डिझाइन? आधी एसक्यूएल. आठवड्याला पाच तास दिलेत तर सहा ते आठ आठवड्यांत कामापुरतं येतं. सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय, जॉइन, केस आणि विंडो फंक्शनची तोंडओळख एवढ्यावर बहुतेक प्रश्न सुटतात. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिणं तसं सोपं आहे. क्वेरी बिनतक्रार चालते आणि तरी आकडा चुकीचा येतो, तिथे खरी अडचण असते. नेहमी फसवणाऱ्या जागा अशा:

- ऑर्डरचं टेबल ऑर्डरमधल्या वस्तूंच्या टेबलाला जोडलं की एका ऑर्डरच्या जितक्या वस्तू तितक्या ओळी होतात. तीन वस्तूंची ९०० ची ऑर्डर बेरजेत २,७०० होऊन बसते. जोडण्याआधी आणि नंतर ओळी मोजायची सवय लावा.
- लेफ्ट जॉइन करून (डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवून जोडून) उजव्या टेबलाची अट व्हेअरमध्ये घातली की ज्यांची जोडी नाही ते गळून पडतात. "एकही ऑर्डर न दिलेले" लोक शोधायला निघालेल्या माणसाला म्हणूनच कोणी सापडत नाही. अट जॉइनमध्येच घालायची.
- कॉलमचं नाव देऊन केलेला काउंट त्या कॉलमात नल (रिकामी जागा) असलेल्या ओळी मोजत नाही, तारांकन देऊन केलेला मोजतो.
- सर्व्हरची वेळ बहुधा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते. दिवसाची सीमा सरकली की एका दिवसाचा आकडा निम्मा आणि दुसऱ्याचा दीडपट दिसू शकतो.

आणि तुमच्याच टीमची टेस्ट खाती आकड्यांतून वगळलेली आहेत का, हे बघा. ती कुठली हे तुम्हालाच सर्वांत नीट माहीत असतं, आणि छोट्या ॲपमध्ये त्यांच्यामुळे फनेल, म्हणजे कोणत्या टप्प्यापर्यंत किती लोक पोचतात याचा हिशोब, चक्क वाकडा होतो.

आता एक फनेल जवळून पाहू. समजा, एका आठवड्यात १०,००० जणांनी नोंदणी सुरू केली. ८,२०० जणांनी फोन नंबर दिला, ५,३०० जणांनी ओटीपी बरोबर भरला, ४,९०० जणांनी माहिती पूर्ण केली आणि २,००० जणांनी पहिली ऑर्डर दिली. टप्प्याटप्प्याने पाहिलं तर ८२ टक्के, ६५ टक्के, ९२ टक्के आणि ४१ टक्के. नजर लगेच ४१ वर जाते, पण तिथे घाई नको. नोंदणी करून लगेच ऑर्डर न देणारा माणूस नुसता बघायला आलेला असू शकतो. ज्यानं स्वतःचा नंबर दिला, त्याला आत यायचंच होतं. त्यांतले ३५ टक्के दारातच परत जातात, हे जास्त विचित्र आहे.

म्हणून ओटीपीचा टप्पा फोडून बघा: फोनच्या मेमरीप्रमाणे, ॲपच्या आवृत्तीप्रमाणे, नेटवर्कप्रमाणे. समजा, कमी मेमरीच्या फोनवर २,५०० जण होते आणि त्यांतले १,२०० पार झाले, म्हणजे ४८ टक्के. बाकीच्या ५,७०० पैकी ४,१०० पार झाले, म्हणजे ७२ टक्के. आता असा एक फोन हातात घ्या. तुमच्या टीमच्या कपाटात तो नक्की असेल. ओटीपी बघायला मेसेज ॲपमध्ये जा आणि परत या. मेमरी कमी पडल्यामुळे फोननं मधल्या काळात तुमचं ॲप बंद केलेलं असतं. परतल्यावर नोंदणी पहिल्यापासून सुरू होते, नवा ओटीपी मागवला जातो आणि हातातला जुना बाद ठरतो. माणूस तोच जुना आकडा दोनदा टाकतो, "चुकीचा ओटीपी" वाचतो आणि निघून जातो.

एवढं दिसलं की हिशोब मांडता येतो. कमी मेमरीच्या फोनवरचं प्रमाणही ७२ टक्क्यांवर आलं तर आठवड्याला आणखी ६०० जण पुढे जातील, आणि पुढची गळती आहे तशीच राहिली तर सुमारे २२५ पहिल्या ऑर्डरी वाढतील. तरी हा आकडा वरची मर्यादा समजा. कमी मेमरीचे फोन वापरणाऱ्यांचं नेटवर्कही अनेकदा कमकुवत असतं, त्यामुळे सगळा फरक या एका दोषाचा असेलच असं नाही. ही शंका कागदावर स्वतःहून लिहिणाऱ्याच्या आकड्यांवर लोक विश्वास ठेवतात.

"एकच गोष्ट कोणती बदलाल" या प्रश्नाला उत्तर द्यायचं ते असं. तुमच्या ॲपमध्येही असं काही दडलेलं असणारच, आणि ते शोधायला तुमच्याइतकी योग्य जागा दुसऱ्या कोणाची नाही.

माणसांशी बोलणं

आकडा गळती कुठे आहे ते दाखवतो, पण का आहे हे बहुतेक वेळा सांगत नाही. आकडे आणि बोलणं ही जोडी नवी नाही. नील मॅकएलरॉय यांनी १९३१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये एका ब्रँडची सगळी जबाबदारी घेणाऱ्या माणसांची मागणी करणारं जे टिपण लिहिलं, ते प्रॉडक्ट मॅनेजरच्या कामाचं मूळ मानलं जातं. त्यातही भागवार विक्रीचा बारकाईनं अभ्यास करणं आणि स्वतः जाऊन विक्रेत्यांशी व ग्राहकांशी बोलणं ही दोन्ही कामं एकाच माणसावर टाकलेली आहेत.

सुरुवात सपोर्टच्या तक्रारींपासून करा. अलीकडच्या १०० तक्रारी मूळ शब्दांत, एकेक करून वाचा आणि स्वतः गट पाडा. एआयकडून सारांश काढून घेण्याचा मोह होईल, पण पहिल्या शंभरांसाठी तो टाळा. सारांशात "लॉगिनची अडचण" एवढंच उरतं आणि "मी तीनदा आकडा टाकला, तोच टाकला" हे वाक्य हरवतं. ओटीपीचा सगळा उलगडा त्या वाक्यात असतो. तक्रार करणारे मात्र चिकाटीचे लोक असतात. जे मुकाट्याने ॲप काढून टाकतात ते या शंभरांत नसतात, म्हणून मुलाखतींत सोडून गेलेल्यांना मुद्दाम घ्या.

मुलाखत अर्ध्या-पाऊण तासाची पुरते. एकाच प्रकारच्या सहा ते आठ माणसांशी बोला. "असं फीचर दिलं तर वापराल का?" हे विचारूच नका. लोक भिडेपोटी हो म्हणतात, आणि भविष्यातल्या स्वतःबद्दल सगळेच आशावादी असतात. भूतकाळ विचारा: मागच्या वेळी ऑर्डर दिलीत तेव्हा सुरुवात कुठून केली? मध्ये कुठे थांबलात? थांबल्यावर काय केलंत? समोरचा माणूस स्वतःच फीचर सुचवू लागला तर "ते असतं तर मागच्या आठवड्यात तुमचं काय वेगळं झालं असतं?" असं विचारा. उत्तर आलं नाही तर गरज तितकी नाही. प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. चार-पाच सेकंदांची शांतता अवघड वाटते, पण महत्त्वाचं वाक्य बरेचदा तिच्यानंतरच येतं. टिपण त्याच दिवशी, त्यांच्याच शब्दांत लिहा.

स्क्रीन वापरता येते की नाही एवढंच तपासायचं असेल तर पाच माणसं पुष्कळ झाली. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलेला हिशोब असा की एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, त्यामुळे पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात. हा नियम वापरण्यातल्या अडचणींपुरताच आहे. "हे फीचर लोकांना हवं आहे का" याचं उत्तर पाच जणांवरून देणं चूक आहे, आणि ही गल्लत सर्रास होते.

काय आधी आणि काय नाही

प्राधान्य ठरवण्याची सूत्रं बरीच आहेत. एक नीट समजलं की बाकीची आपोआप कळतात. इंटरकॉम कंपनीनं मांडलेलं राइस हे सूत्र घ्या. किती लोकांपर्यंत पोचेल, गुणिले प्रत्येकावर किती परिणाम होईल, गुणिले आपली खात्री, भागिले मेहनत. परिणामाची पट्टी ३, २, १, ०.५ आणि ०.२५ अशी असते, खात्री १००, ८० किंवा ५० टक्के, आणि मेहनत मनुष्य-महिन्यांत.

ओटीपीची दुरुस्ती यात घालून बघा. तिमाहीचे १३ आठवडे धरले तर ३२,५०० लोक, परिणाम २, खात्री ८० टक्के, मेहनत १ महिना. उत्तर ५२,०००. आता डार्क मोड. समजा, तिमाहीत ६०,००० जण ॲप नियमित वापरतात. परिणाम ०.२५, खात्री ५० टक्के, मेहनत २ महिने. उत्तर ३,७५०. एवढी तफावत असली की निर्णय सोपा. ५,२०० आणि ४,८०० यांतला फरक मात्र काहीच सांगत नाही, कारण आत घातलेले आकडेच अंदाजाचे आहेत.

सूत्र कुठे फसतं हेही माहीत हवं. आवडतं फीचर वर यावं म्हणून परिणाम १ चा २ केला जातो. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला ते एका ओळीत लिहा. मेहनतीचा आकडा डेव्हलपरकडून घ्या, स्वतः टाकू नका. सुरक्षा आणि कायद्याची कामं या तक्त्यात घालूच नका, ती वेगळी आणि आधी. शिवाय भाजक मेहनत असल्यानं छोटी कामं सतत वर तरंगतात आणि सहा महिन्यांचं महत्त्वाचं काम कधीच पहिलं येत नाही. त्यासाठी टीमच्या वेळेचा एक हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो.

उपयोग झाला हे कसं कळणार

ए/बी टेस्टचं (एका गटाला जुनं, दुसऱ्याला नवं देऊन केलेल्या तुलनेचं) नाव मुलाखतीत घेण्याआधी एक हिशोब तोंडपाठ करा. प्रत्येक गटात लागणारी माणसं साधारण १६ × दर × (१ − दर) ÷ फरकाचा वर्ग इतकी असतात. दर म्हणजे हवी ती कृती करणाऱ्यांचं प्रमाण. हे ५ टक्के सिग्निफिकन्स (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (असलेला फरक पकडण्याची शक्यता) धरून आहे. आजचा दर ५ टक्के असेल आणि तो ६ टक्के झाला हे ओळखायचं असेल, तर १६ × ०.०५ × ०.९५ ÷ ०.०००१, म्हणजे प्रत्येक गटात ७,६०० माणसं. अर्ध्या टक्क्याचा फरक ओळखायचा तर ३०,४००. फरक निम्मा झाला की माणसं चौपट लागतात. आठवड्याला प्रत्येक गटात २,००० जणच येत असतील तर पहिली टेस्ट चार आठवड्यांत होईल आणि दुसरीला पंधराहून जास्त लागतील. दुसरी करूच नका. अशा वेळी फीचर थोड्यांना आधी देऊन आकडे बघणं आणि पाच माणसांना ते वापरताना पाहणं जास्त पदरात टाकतं.

टेस्ट मध्येच डोकावून "जिंकलो" म्हणत थांबवू नका. रोज बघून आकडा बरा दिसेल त्या दिवशी थांबलं की निव्वळ योगायोगही विजय ठरतो. कालावधी आधी ठरवा, आणि तो पूर्ण आठवड्यांत, कारण शनिवार-रविवारचे ग्राहक वेगळे वागतात.

मुख्य आकड्याबरोबर राखणीचा एक आकडाही ठेवा. नोटिफिकेशन दुप्पट केली की ॲप उघडणाऱ्यांची संख्या वाढतेच, त्यात विशेष काही नाही. नोटिफिकेशन बंद करणारे आणि ॲप काढून टाकणारे किती वाढले हे शेजारी असेल तरच निर्णय घेता येतो.

एका पानात लिहिणं

या सगळ्या कौशल्यांत सर्वांत दुर्लक्षित आणि आमच्या मते सर्वांत निर्णायक कौशल्य लिहिण्याचं आहे. जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये ॲमेझॉनच्या वरिष्ठ बैठकांतून पॉवरपॉइंट काढून सलग लिहिलेली टिपणं आणली. कारण असं की सलग वाक्यांत लिहिताना कोणता मुद्दा कशावर टेकलाय हे लपवता येत नाही.

दर महिन्याला एका अडचणीवर एक पान लिहा. अडचण काय, कोणाची आणि किती जणांची, पुरावा कोणता, काय करायचं, काय करायचं नाही, कोणता आकडा कधीपर्यंत किती हलायला हवा, आणि कुठे फसू शकतं. "ग्राहकांना नोंदणीचा सुलभ अनुभव देणे" असं पहिलं वाक्य कोणालाच काही सांगत नाही. त्याऐवजी लिहा: "कमी मेमरीच्या फोनवर ओटीपी बघून परतणाऱ्या ग्राहकाची नोंदणी पहिल्यापासून सुरू होते, आठवड्याला अशा फोनवरून येणाऱ्या २,५०० पैकी १,३०० जण इथेच थांबतात." पुढे "काय करायचं नाही" मध्ये: "ओटीपीऐवजी पासवर्ड आणणार नाही, नोंदणीची स्क्रीन नव्याने काढणार नाही. फक्त टप्पा आणि नंबर फोनवर जपून ठेवू, आणि आधीचा ओटीपी मुदत संपेपर्यंत चालू देऊ." हा शेवटचा भाग सुरक्षेचं काम बघणाऱ्यांना दाखवल्याशिवाय पुढे नेऊ नका.

"करायचं नाही" हा भाग वगळलात तर दोन आठवड्यांत डिझायनर नवी स्क्रीन काढून आणेल, आणि त्यात त्याची चूक नसेल. लिहिलेलं पान एका डेव्हलपरला आणि सपोर्टमधल्या एकाला द्या. काही न सांगता वाचायला लावा आणि मग विचारा, "आपण काय करतोय आणि का?" दोघांची उत्तरं वेगळी आली तर पान पुन्हा लिहायचं.

डेव्हलपर तुमच्या हाताखाली नसतात, आणि प्रॉडक्ट मॅनेजर झाल्यावरही नसतील. त्यामुळे "छोटंच काम आहे" हे शब्द तोंडातून काढू नका. "यातला अवघड भाग कोणता?" असं विचारा. बरेचदा एकूण वेळेतला मोठा हिस्सा एखाद्या अशा मागणीवर चाललेला असतो, जी सोडली तरी कोणाचं अडणार नाही. वादाचा मुद्दा भर बैठकीत पहिल्यांदा काढू नका. ज्यांचा विरोध असेल त्यांच्याशी आदल्या दिवशी एकेकट्यानं बोला. नाही म्हणायची वेळ आली तर कारण आणि अट दोन्ही सांगा: "या तिमाहीत नाही, कारण ओटीपीचं काम आधी आहे, महिन्याला अशा पन्नासहून जास्त तक्रारी येऊ लागल्या तर पुन्हा बघू." असा नकार लोक स्वीकारतात.

राहिलेले प्रश्न

एमबीए ही अट नाही. काही मोठ्या कंपन्या कॅम्पसमधून थेट याच पदासाठी घेतात, तिथे त्याचा उपयोग होतो. तुम्ही आधीच प्रॉडक्टच्या टीममध्ये आहात. दोन वर्षं आणि मोठी फी देण्याआधी इथली वाट चालून बघा. डिझाइनचं म्हणाल तर फिग्मामध्ये (स्क्रीनचं डिझाइन काढायच्या साधनात) कच्ची चौकट काढता येणं आणि डिझायनरचं काम कारणासहित तपासता येणं पुरतं. तिसरा कोर्स करू नका.

प्रॉडक्ट मॅनेजरकडे "मला शिकवा" अशी मागणी घेऊन जाऊ नका. ते मनापासून हो म्हणतील आणि कामाच्या गर्दीत राहून जाईल. पुढच्या तीन गोष्टी मागा, याच क्रमानं. पहिल्या महिन्यात डेटाबेसमधून नुसतं वाचण्याची परवानगी, ग्राहकांची नावं आणि नंबर झाकून. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ग्राहकांच्या मुलाखतींना टिपणं घेण्यासाठी बसू देण्याची मुभा. टिपणं कोणालाच घ्यायची नसतात, त्यामुळे नकार सहसा मिळत नाही. चौथ्या महिन्यात बॅकलॉगमधलं (राहिलेल्या कामांच्या यादीतलं) कोणी हात न लावलेलं एक छोटं काम, पण अडचणीपासून मोजणीपर्यंत पूर्ण तुमच्याकडे. जाताना निर्णयवही आणि एक लिहिलेलं पान बरोबर न्या. तुमच्या टेस्टिंग मॅनेजरलाही आधी सांगा. त्यांना हे दुसऱ्याकडून कळलं तर तुमचा वेळ मोकळा होणार नाही.

त्या एका कामात अर्धवट यश आलं तरी चालेल, मोजणी मात्र पूर्ण करा. ते संपल्यावर पुढचं काम मागा. दोन तिमाही गेल्या आणि फक्त टिपणं घेणंच तुमच्याकडे राहिलं, तर बाहेर असोसिएट (कनिष्ठ) प्रॉडक्ट मॅनेजरच्या जागांसाठी अर्ज करा. प्रसिद्ध ॲपची स्क्रीन बदलून दाखवणारे केस स्टडी बायोडेटाला जोडू नका. त्यामागे आकडे नसतात, आणि ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. कंपनीचे खरे आकडे आणि आतले स्क्रीनशॉटही बाहेर नेऊ नका. प्रमाणात सांगा, उदाहरणार्थ "कमी मेमरीच्या फोनवरची नोंदणीतली गळती एक तृतीयांशाने कमी झाली". त्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहा: अंदाज किती होता, प्रत्यक्षात किती झालं आणि फरक कशामुळे पडला. मुलाखत घेणारे पुढचे सगळे प्रश्न त्याच ओळीवर विचारतील, आणि त्यांची उत्तरं तारखांसकट तुमच्या वहीत असतील.